पाणी उड्या मारत नाही

आमच्या सांगलीत ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयर्विनला किती झालं?" पूल १९२९ चा. त्याच्यापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांनाही पाढ्यासारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी तेव्हा आठवीत होते, हरिपूरला.

यंदा कॉलेजात, पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आम्हाला समूह प्रकल्प होता. विषय 'कला आणि कृत्रिम बुद्धिमत्ता'. सहा जणांचा गट, सहा आठवडे, शेवटी व्हरांड्यात मांडणी आणि प्रत्येकानं दोन पानांचं मनोगत लिहून द्यायचं. मनोगत दिलं, मार्कही मिळाले. पण जे खरं लिहायचं होतं ते दोन पानांत बसलं नाही. ते इथं लिहिते.

गट चिठ्ठ्या टाकून पडले. मी हरिपूरची, एक मिरजेची, एक तासगावची, एक जतचा, आणि आणखी दोघं. वर्गात आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारतो, म्हणून इथंही तसंच. २०१९ चा पूर हा विषय मी सुचवला. जतचा लगेच म्हणाला, "तुमच्याकडं पूर आला त्याच महिन्यात आमच्या वस्तीवर टँकर येत होता. मी काय काढू?" कुणालाच उत्तर सुचेना. मिरजेची म्हणाली, २०१६ ला लातूरला पाण्याची रेल्वे मिरजेतून गेली ती मी बाबांबरोबर जाऊन बघितली होती. त्यावर जतचा आणखीच गप्प झाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मी ऐकायचं काम करतो. मला पुरातलं काहीच माहीत नाही, त्यामुळं मी मध्ये बोलणार नाही." आम्ही हो म्हटलं. त्याचं हे वाक्य अख्ख्या प्रकल्पात किती कामाला येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

बेत साधा होता. पूर बघितलेल्या माणसांकडून आठवणी गोळा करायच्या, त्या एआयला शब्दांत सांगायच्या, त्याच्याकडून चित्रं काढून घ्यायची आणि मग आपण हातानं त्यावर काम करायचं. तासगावची कॉम्प्युटरवर बसली. पहिल्यांदा मराठीतच लिहिलं, 'सांगलीतला महापूर'. एक डोंगर आला, डोंगरावर गोपुरासारखं काहीतरी, खाली फेसाळतं पाणी. सांगलीत डोंगर कुठला? मग इंग्रजीत लिहिलं, गावाचं नाव, नदीचं नाव, साल, जुनी बाजारपेठ, सगळं. आता बाजारपेठ आली, पण तिच्यात घराएवढ्या लाटा. आभाळ काळं, वीज कडाडतेय, भगव्या साडीतली बाई दोन्ही हात वर करून उभी. चित्र म्हणून बघावं तर जबरदस्त होतं. उजेड काय, पाण्याचे तुषार काय! आमच्यातला एकजण म्हणाला, हे असं काढायला मला सहा महिने लागले असते. मलाही ते आवडलं होतं, हे कबूल करते.

असं चित्र का आलं, हे सरांनी नंतर समजावून सांगितलं. त्यांनी फळ्यावर खडूनं एक नाव काढली आणि डस्टरनं ती हळूहळू पुसत गेले, इतकी की शेवटी नुसता पांढरा धुरळा राहिला. म्हणाले, या यंत्राला शिकवताना असंच करतात. चित्रावर थोडा थोडा धुरळा चढवायचा आणि विचारायचं, ओळख, यातला धुरळा कोणता आणि चित्र कोणतं? कोट्यवधी वेळा विचारलं की ते धुरळा ओळखायला शिकतं. मग चित्र काढायची वेळ आली की सुरुवातच निव्वळ धुरळ्यापासून, आणि तुमच्या शब्दांच्या दिशेनं तो साफ करत जायचं. कुठल्या शब्दाला कोणतं चित्र, हे ते इंटरनेटवरच्या फोटोंखालच्या ओळींवरून शिकलेलं असतं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या लायन-५बी नावाच्या साठ्यात चित्र आणि ओळ अशा ५८५ कोटी जोड्या आहेत. त्यातल्या सुमारे २३० कोटी ओळी एकट्या इंग्रजीतल्या, आणि उरलेल्यांत शंभराहून जास्त भाषा, शिवाय कोणती भाषा हे ठरवताच न आलेल्या ओळी. सर एवढंच म्हणाले आणि तासाची घंटा झाली. मी मात्र फळ्यावरच्या त्या धुरळ्याकडं बघत बसले. आमच्या गल्लीतल्या पुराचा फोटो कुणी काढला असेल? आणि काढला असला तरी त्याखाली काय लिहिलं असेल?

आठवणी गोळा करणं आम्हाला सोपं वाटलं होतं. ते तसं नव्हतं. गावभागात, मारुती चौकात, गणपती पेठेत, कर्नाळ रोडला फिरलो. "पुराचं काय आठवतं?" असं विचारलं की सगळे तेच सांगायचे. "काय सांगायचं बाळ, लई हाल झाले." "होत्याचं नव्हतं झालं." "देव दाखवू नये असा दिवस." पहिल्या आठवड्यात वहीत अशी अकरा वाक्यं जमली, आणि एकातूनही चित्र होईना. खोटं कुणी बोलत नव्हतं. पण २०१९ ला टीव्हीवाल्यांनी विचारलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं असणार, नंतर पंचनाम्याला आलेल्या माणसांनाही हेच. सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

मग गावभागातल्या एका आजींकडं गेलो. वय ८१. जुना वाडा, खाली दोन खोल्या, वर माडी. त्यांनीही सुरुवात तशीच केली. जतचा शेजारी मांडी घालून बसला होता. त्याच्या मांडीवरच्या फोल्डरमधून त्या लाटांच्या चित्राची प्रिंट अर्धी बाहेर आली होती. आजींनी चष्मा लावला. "हे काय रे?" आम्ही सांगितलं, कॉम्प्युटरनं काढलंय, सांगलीचा पूर. आजींनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. आणि एकदम चिडून म्हणाल्या, "कुठल्या गावचा पूर हा?"

पुढची चाळीस मिनिटं आम्हाला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. आजींचं बोट चित्रावर फिरत होतं. "ही लाट कसली? लाट नव्हती. पाणी हलतसुद्धा नव्हतं. आणि पाऊस? अरे, ऊन पडलं होतं चांगलं! ऊन पडलंय आणि पाणी चढतंय, त्याचीच तर भीती वाटत होती. रंग हा नाही. चहात दूध कमी पडलं की कसा होतो, तसा. आणि पाणी असं दारातनं आलं नाही. मोरीतनं आलं." मी विचारलं, मोरीतून? "मग! मी मोरीपाशी भांडी घासत होते. जाळीतनं आधी बुडबुडे आले. मग पाण्यानं अशी जीभ बाहेर काढली." त्यांनी चित्राच्या कोपऱ्यात बोटानं एक लांबट गोल काढला. "एवढीशी. मी तिच्यावर फडकं टाकलं. वेडी गं मी. फडक्यानं पूर थांबतो का?" मग पिठाचे डबे आधी वर नेले, मग अंथरुणं, देव सगळ्यात शेवटी, कारण देवघर मुळातच उंचावर होतं. जिन्याच्या पायऱ्यांवर मुलगा तासातासाला कोळशानं रेघ मारत होता. सहाव्या पायरीपाशी पाणी दीड दिवस थांबलं. आजींनी आम्हाला ती पायरी दाखवली. रेघ आता नाही, पण त्यांचा हात न चुकता तिथंच गेला.

बाहेर आल्यावर आम्ही सगळे बोळात उभे राहिलो. जतचा म्हणाला, "त्या चित्रावर रागावल्या म्हणून बोलल्या."

तो अगदी बरोबर बोलला होता. चांगला प्रश्न विचारून जे होत नव्हतं, ते एका चुकीच्या चित्रानं झालं. आठवण विचारली की माणूस तयार उत्तर देतो. चूक समोर ठेवली की त्याला राहवत नाही. आमचा सगळा प्रकल्प त्या बोळात बदलला. त्या दिवसापासून आम्ही एआयची चित्रं 'तयार चित्रं' म्हणून वापरायची सोडली. जी चित्रं जास्त चुकलेली असतील तीच प्रिंट करायची, वर बटर पेपर लावायचा, लाल पेन्सिल सोबत ठेवायची आणि घरोघरी जायचं. चित्र काढता येत नाही म्हणणारी माणसंही बटर पेपरवर रेघ ओढायला लाजत नाहीत, कारण खालचं चित्र त्यांचं नसतं आणि ते बिघडवायची त्यांना पुरती मुभा असते.

गणपती पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्यांनी बुडालेल्या दुकानांच्या चित्रावर काहीच काढलं नाही. नुसतं नाकाला बोट लावलं. म्हणाले, पाणी ओसरल्यावर पेठेत आठ दिवस विरघळलेल्या गुळाचा आणि मेलेल्या उंदरांचा एकत्र वास होता, तो कुठं दाखवाल? आम्हाला तो अजून दाखवता आलेला नाही. नदीकाठच्या एका नावाडी काकांनी तर प्रिंट बघून पहिलंच वाक्य टाकलं, "पोरी, पाणी उड्या मारत न्हाई गं. पाणी चढतंय. निवांत. त्येला कसलीच घाई नसती." पुढचे पाच आठवडे हे वाक्य आमच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं.

निवांत चढणारं पाणी यंत्राकडून काढून घ्यायचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. 'लाटा नकोत' लिहिलं. 'शांत पाणी' लिहिलं तर काश्मिरातल्यासारखं निळं तळं आलं, त्यात ढगांचं प्रतिबिंब. 'मोरीतून वर येणारं पाणी' लिहिलं तर फुटलेल्या नळासारखं कारंजं. तासगावची रात्री अकरापर्यंत शब्द बदलत बसायची. तिनं सत्तरच्या वर चित्रं काढून बघितली आणि एका रात्री मला फोन केला, "त्याला शांत म्हणजे सुंदर वाटतं आणि पूर म्हणजे वादळ. शांत आणि भयंकर हे दोन शब्द एकत्र दिले की त्याला काही सुचतच नाही." मला वाटतं, आमच्या सहा जणांच्या मनोगतांत एवढं नेमकं वाक्य दुसरं नाही, आणि ते तिनं मनोगतात लिहिलंच नाही.

एक ठरवून केलं नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ते चित्र करायचं का, अशी गोष्ट निघाली होती. मिरजेची म्हणाली, त्या घरात जाऊन चुकीचं चित्र समोर ठेवायची माझी हिंमत नाही. विषय तिथंच संपला.

हाताच्या कामासाठी रंग कुठला, यावर मात्र दोन दिवस वाद झाला. पोस्टर कलरचा तपकिरी रंग आजींना दाखवला तर त्या म्हणाल्या, हा चॉकलेटचा. शेवटी मी हरिपूरला घाटावर, संगमेश्वराच्या खाली जिथं कृष्णा आणि वारणा मिळतात, तिथून गाळ आणला. दोन डबे. वरचा थर टाकून द्यायचा, खालचा लोण्यासारखा लागतो तो घ्यायचा. गच्चीवर ताटात पसरून चार दिवस वाळवला. वाळताना त्याला भेगा पडतात आणि कडा वर उचलल्या जातात, पापडासारख्या. मग खलात कुटला, आईच्या जुन्या मलमलच्या ओढणीतून चाळला. चाळल्यावर हाताला लागतो तो गाळ न वाटता पावडर वाटते, रंगही बराच फिका होतो. मला वाटलं, फसलं. रात्री बाभळीचा डिंक पाण्यात भिजत घातला, सकाळी गाळून त्यात ही पावडर काचेच्या तुकड्यावर घोटली. ओला झाला तसा रंग परत आला. कागदावर पहिला हात मारला आणि मी तशीच थांबले. चहात दूध कमी पडलं की होतो, तोच. आमच्या ताईचं बोचकं, माझी शाळेची वही, आजोबांचं हळदीच्या हिशोबाचं पुस्तक, सगळ्यावर पूर ओसरल्यावर हाच रंग होता. आजोबांनी आयुष्यभर हरिपूरच्या पेवांवर काम केलं. जमिनीखाली खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्यानं गेली. ते म्हणायचे, या मातीनं हळद राखली आणि या मातीनंच ती नेली. त्यांच्या हातात हा रंग द्यायला हवा होता. ते गेल्या वर्षी गेले.

आता ज्या गोष्टीमुळं मी हे लिहायला बसले, ती सांगते.

चौथ्या आठवड्यात आमच्यातल्या एकानं एक आठवण आणली. त्याचं नाव सोडाच, गावही सांगत नाही. एका आजोबांची आठवण होती. घरात गणपती बसलेला, पाणी छातीपर्यंत चढलेलं, आजोबांनी एका हातात नातू धरला आणि दुसऱ्या हातानं मूर्ती डोक्यावर घेतली, आणि अंधारात बाहेर पडताना नातू म्हणाला, आजोबा, बाप्पा भिजत नाही ना? त्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा तासगावचीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. हेच मुख्य चित्र करायचं असं एका सुरात ठरलं. सगळ्यात मोठा कागद त्याला दिला. मी तीन रात्री त्या नातवाचा चेहरा काढत होते.

सवयीप्रमाणं ती प्रिंट घेऊन आम्ही पुन्हा गावभागात गेलो. आजींनी लाल पेन्सिल घेतली, चष्मा लावला आणि आमच्याकडं बघितलं. "गणपतीत कुठलं पाणी? पाणी नागपंचमीला आलं. गणपती त्या वर्षी पुढं महिन्यानं बसले, तोवर आम्ही घर धुऊन पुसून घेतलं होतं." मग विचारलं, "कुठल्या गल्लीतले हे? नाव काय?" तो खाली बघत राहिला.

त्यानं ती आठवण एआयकडून लिहून घेतली होती. 'सांगलीच्या पुरातली एका आजोबांची हृदयस्पर्शी आठवण लिही', असं काहीतरी सांगून. घरी अडचण होती, रोज दीड तास एसटीनं येणं, दीड तास जाणं, आणि वाट्याला आलेली दोन घरं बंद होती. हे सगळं त्यानं त्या बोळातच सांगितलं. मी त्याला खूप बोलले. नको ते बोलले. जतच्यानं मला हाताला धरून बाजूला नेलं.

पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती त्याच्यामुळं नाही. नागपंचमी त्या वर्षी ५ ऑगस्टला होती. हरिपुरात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा चुलीपाशी पुरणाची डाळ शिजत होती, ती तशीच सोडून आम्ही निघालो. मला तो दिवस माहीत होता. माझ्या अंगावर होता तो दिवस. तरी 'गणपती बसलेला' हे ऐकून मला काहीच खटकलं नाही, कारण ती आठवण जिथं रडू यायला हवं तिथं बरोबर रडवत होती. लाटांचं चित्र आणि ही आठवण, दोन्ही एकाच जातीची होती. चित्र चुकलंय हे आजींना क्षणात दिसलं. गोष्ट चुकलीय हे मला, पुरातल्या मुलीला, दिसलं नाही. खऱ्या आठवणी अशा नव्हत्या. त्यांत मोरी होती, पिठाचे डबे होते, भिजलेलं फडकं होतं. त्या ऐकून कुणाला रडू आलं नव्हतं.

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत आणि त्यांनी निर्णयही दिला नाही, "गट तुमचा आहे" एवढंच म्हणाले. आम्ही ते चित्र काढून टाकलं. मी तीन रात्री काढलेला चेहरा गेला, त्याचं वाईट वाटलं आणि आजही वाटतं. तो बोर्ड मोकळाच लावायचा, हे त्यानं स्वतः सुचवलं.

मग सहीचा प्रश्न आला. बाराच्या बारा बोर्डांखाली कुणाचं नाव? या विषयावर सरांनी वर्गात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. हॅरॉल्ड कोहेन हा इंग्लंडचा चित्रकार अमेरिकेत गेल्यावर, १९७० च्या दशकात, 'आरोन' नावाचा चित्रं काढणारा प्रोग्रॅम लिहायला लागला आणि आयुष्यभर तोच सुधारत राहिला. सुरुवातीला आरोन नुसत्या रेषा काढायचा आणि कोहेन त्यात हातानं रंग भरायचा. नियम त्याचे स्वतःचे, रंग त्याचा, त्यामुळं सही त्याची, यात मला काही अडचण दिसत नाही. दुसरी गोष्ट २०१८ ची. पॅरिसच्या तीन तरुणांच्या गटानं यंत्राकडून एक व्यक्तिचित्र करून घेतलं, ते न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ४ लाख ३२ हजार ५०० डॉलरला गेलं आणि सहीच्या जागी गणिताचं सूत्र छापलेलं होतं. ज्या कोडवर ते उभं होतं त्यातला मोठा भाग एका दुसऱ्याच पोरानं लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. त्या विक्रीतलं त्याला काही मिळालं नाही. मला ते सूत्र अजिबात पटलं नाही. सूत्राची सही म्हणजे मधल्या सगळ्या माणसांवर पडदा.

मिरजेचीनं वेगळं सांगितलं. तिच्या मामांचं तंबोरे-सतारीचं काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरी पेढे वाटले होते. ती म्हणाली, तंबोऱ्यावर नाव कारखानदाराचं असतं, पण भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याचा, कोरीव काम एकाचं, आणि जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सूर खुलवणं, ती काढणारा हात तिसऱ्याचा. "मामा म्हणतात, जवारी लागली नाही तर तो नुसता भोपळा. पण जवारी काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं." त्यावर कुणी काही बोललं नाही. तासगावचीनं वही उघडली आणि ज्यांनी ज्यांनी बटर पेपरवर लाल रेघ ओढली होती, त्यांची यादी काढली.

मांडणी अशी झाली. प्रत्येक बोर्डावर खाली यंत्राचं चित्र, त्यावर बटर पेपर आणि त्यावरच्या लाल दुरुस्त्या, आणि सगळ्यात वर आमचं गाळाच्या रंगातलं चित्र. क्लिपला लावलेलं, एकेक पान उलटून बघायचं. खाली पेन्सिलनं दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, त्यांना विचारून. आमची सहा नावं एकाच वेगळ्या कागदावर, दाराजवळ.

आजी सुनेबरोबर रिक्षानं आल्या. मोरीच्या चित्रापुढं बराच वेळ उभ्या होत्या. पान उलटलं, पुन्हा खाली टाकलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील आणि मला रडू येईल. त्या म्हणाल्या, "मोरी माझीच. पण घासणी उजव्या हाताला होती गं." आणि पेन्सिल मागितली. त्यांनी आमच्या पूर्ण झालेल्या, डिंक वाळलेल्या, मार्कांना ठेवलेल्या चित्रावर उजव्या कोपऱ्यात एक छोटी घासणी काढली. सर शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत.

मोकळ्या बोर्डाचं राहिलं. मांडणीच्या दुसऱ्या दिवशी तो, ज्याच्यावर मी ओरडले होते तो, एकटाच नदीवर गेला आणि नावाडी काकांपाशी तीन तास बसून आला. परत आला तेव्हा त्याच्याकडं एकच आठवण होती. पुराच्या चौथ्या दिवशी काका होडी घेऊन पेठेतून चालले होते, दोन्ही बाजूंना दुकानांचे वरचे बोर्ड तेवढे पाण्याच्या वर. वल्हं मारलं आणि खाली कशालातरी लागलं. टक. काकांना वाटलं, दगड. वल्ह्यानं चाचपून बघितलं तर रिक्षाचं टप होतं. ते रिक्षाच्या डोक्यावरून होडी नेत होते. "मग मी थोडा वेळ वल्हंच मारलं न्हाई," काका म्हणाले. "तशीच जाऊ दिली."

हे चित्र यंत्राला अजून सांगितलेलं नाही. त्यानं माझ्याकडून उरलेला गाळ मागून घेतला. काल वर्गात गेले तर तो खल घेऊन बसला होता, कागद कोराच होता. म्हणाला, "पाण्याखालची रिक्षा काढली तर चुकेल. काकांना ती दिसली नव्हती." मी शेजारी बसले आणि डिंक गाळायला घेतला.